सेल्फ उचलेना : नवीन बॅटऱ्या घातल्या, सेल्फ खोलला, तरी पहाटे नुसतं ‘टक्’

शेळगीकर
६ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझ्या ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उचलत नाही. गाडी एकच आहे आणि तिच्यावरच घर चालतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सहा टायर, २०१८ चं मॉडेल, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमाची), २४ व्होल्ट. मी स्वतः चालवतो, बरोबर चुलतभाऊ असतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरच्या मार्केट यार्डात हैदराबादला न्यायचा कांदा भरला. रात्री अकराला भरणी संपली, दोर आवळले, पहाटे चारला निघायचं ठरलं. चावी फिरवली तर खालून एक ‘टक्’ आवाज, बस्स. परत फिरवली, परत टक्. शेजारच्या गाडीवाल्यानं जंप दिला (त्याच्या बॅटरीला वायरी जोडून) तेव्हा एका झटक्यात चालू झाली. उमरग्याजवळ चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, तर पुन्हा तेच. दहा मिनिटं प्रयत्न केल्यावर कशीबशी लागली. पुढं हैदराबादपर्यंत इंजिन बंद करायची छातीच झाली नाही.

परत आल्यावर बॅटऱ्या बदलल्या. तीन वर्षं झाली होती, म्हटलं गेल्या असतील. दोन्ही नवीन घातल्या, पंचवीस हजारांच्या आसपास गेले. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी परत टक्. मग सेल्फ खोलून घेतला. ब्रश नवीन, बुश नवीन, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) साफ. बाकावर ठेवून फिरवून दाखवला, भन्नाट फिरत होता. गाडीत बसवल्यावर दोनदा घेतलं आणि आज सकाळी पुन्हा टक्.

आता एक जण म्हणतो वायरिंगच नवं करा, दुसरा म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. गड्ड्याच्या यात्रेच्या (सोलापूरची संक्रांतीची जत्रा) आत दोन खेपा करायच्या आहेत, अडत्याला शब्द दिलाय. कांदा भरून गाडी जागेवर उभी राहिली तर गोणीत गरमी धरते, मोड यायला लागतात. नेमकं कुठून सुरुवात करू ते सांगा.

नाक्यावरचा
६ जानेवारी, रात्री १०.०५

दादा, सध्याची नड भागवायची तर पाना घेऊन खाली जा, सेल्फच्या मागच्या मोठ्या नटाला आणि छोट्या वायरीच्या नटाला एकदम टेकवा. आमच्याकडं सगळे असंच करायलेत. गाडी लागली की निघायचं, सोलापुरात परत आल्यावर बघता येतं.

फिटरमामा
६ जानेवारी, रात्री १०.५०

नाक्यावरचा, रागावू नका, पण हे कुणालाही सांगू नका. पाना लावला की क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, चावी, सगळं बाजूला पडतं. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर भरलेली गाडी खालच्या माणसावर चालून जाते. एका ढाब्यावर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पोरगा वाचला, पाय वाचला नाही. आणि मोठ्या नटावर थेट बॅटरी असते. पाना घसरून बॉडीला लागला तर वितळतो.

शेळगीकर, मी ३१ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत काढली आहेत, त्यातली बरीचशी इलेक्ट्रिकलमध्ये. तुम्ही आतापर्यंत दोन वस्तू बदलल्या, पण मीटर एकदाही लावलेला दिसत नाही. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पुढं जाऊ.

चावी सेल्फवर फिरवून धरल्यावर कॅबिनमधला दिवा आणि डॅशबोर्ड मंद होतात, विझतात, की तसेच लख्ख राहतात? ‘टक्’ एकदाच येतो की टकटकटक असा सलग? दहा-पंधरा वेळा सेल्फ मारून झाल्यावर कुठली वायर, बोल्ट किंवा गिअरची केबल गरम लागते का? ती गरम आहे का हे बघताना हात एकदम घट्ट धरू नका, जवळ नेऊन बघा. आणि शेवटचं, हा त्रास सुरू व्हायच्या महिनाभर आधी गाडीचं कुठलं काम केलंत? तेलपाण्यापासून रंगापर्यंत सगळं आठवून लिहा.

होटगी रोड बॅटरी
६ जानेवारी, रात्री ११.२०

माझं बॅटरीचंच दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, ‘दोन्ही बॅटऱ्या द्या’ म्हणतं, आणि बहुतेक वेळा जुन्यांतली एक चांगली निघते. म्हणून दोन्हींचा एकत्र व्होल्टेज बघू नका, प्रत्येकीचा वेगळा बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी चावी लावायच्या आत. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक दिसला तर मला सांगा, त्यावर मला एक शंका आहे.

बार्शीकर
७ जानेवारी, सकाळी ७.१५

बॅटरी चार्ज करणारा डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, पण तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीची एक टर्मिनल काढायची. गाडी बंद पडली तर डायनामो खराब. आमचे वडील असंच बघायचे.

वायरिंगवाली
७ जानेवारी, सकाळी ८.३०

बार्शीकर, तुमच्या वडिलांच्या काळातल्या गाड्यांना ते चालून जात होतं, कारण पंप मेकॅनिकल होता आणि गाडीत ईसीयू नव्हता. आता चालू इंजिनवर बॅटरी सोडवली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतो. तो झटका झेलणारी बॅटरीच बाजूला केलेली असते, मग तो ईसीयू आणि सेन्सरवर जातो. बीएस-४ आणि त्यानंतरच्या कुठल्याही गाडीवर हा प्रयोग कृपया करू नका. अल्टरनेटर तपासायचा तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. २४ व्होल्टच्या गाडीत २७.५ ते २८.८ च्या दरम्यान आकडा यायला हवा.

मी आयटीआयमध्ये मुलांना ऑटो इलेक्ट्रिकल शिकवते. त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते की ‘गाडी चालू होत नाही’ ही तक्रार म्हणून घेऊच नका, ती पाच निरनिराळ्या तक्रारींची एक मोट आहे. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख, तर बिघाड छोट्या वायरींच्या बाजूला : चावीचा स्विच, सेल्फचा रिले, फ्यूज, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, सोलेनॉइडकडं जाणारी ५० नंबरची वायर. सलग टकटकटक आणि प्रत्येक टकीला दिवे मिटायला लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीच्याच टोकावर सांधा सैल आहे. एकच टक् आणि दिवे एकदम मंद, तर करंट भरपूर जातोय पण सेल्फ किंवा इंजिन अडकलंय. आणि एकच टक् पण दिवे जराही हलत नाहीत, तर सोलेनॉइड ओढतोय, पण पुढं मोटरला जायला करंटला रस्ताच नाही. एक तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेले, नाहीतर जाड वायरीच्या रस्त्यात कुठंतरी अडथळा.

इंजिन व्यवस्थित फिरतं पण लागत नाही, हा पाचवा प्रकार. त्याचा सेल्फशी संबंध नसतो.

शेळगीकर
७ जानेवारी, सकाळी ११.१०

सगळ्यांचे आभार. मामा, मॅडम, सकाळी सगळं बघितलं.

टक् एकदाच येतो. दिवे अजिबात मंद होत नाहीत. मी चावी धरून ठेवली आणि भावानं हेडलाईट बघितली, जशीच्या तशी.

बॅटऱ्या : चेसिसला ज्या बॅटरीचा निगेटिव्ह जोडलाय ती १२.२. दुसरी, जिच्यातनं सेल्फकडं जाड वायर जाते ती १२.७. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मापाच्या.

इंजिन चालू झाल्यावर (धक्का मारून लावली, गल्लीतली पाच पोरं लागली) दोन्ही मिळून २६.८. वेगवेगळं बघितलं तर चेसिसकडची १२.८ आणि सेल्फकडची १४.०.

गरम व्हायचं म्हणाल तर मामा, तुम्ही विचारलं म्हणून बघितलं. गिअरच्या केबलचं प्लास्टिकचं कव्हर एका जागी वितळून चिकटलंय. सायलेन्सरच्या धगीनं झालं असेल असं आजपर्यंत समजत होतो, पण सायलेन्सर तर दुसऱ्या बाजूला आहे.

आधी केलेली कामं : डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पासिंगची तयारी केली. चेसिसला काळा रंग मारला, बॉडीचे पट्टे ओढले, रिफ्लेक्टर लावले. त्याच वेळी क्लच प्लेट बदलली, गिअरबॉक्स खाली उतरवला होता. बाकी काही नाही.

होटगी रोड बॅटरी
७ जानेवारी, दुपारी १२.००

माझी शंका हीच होती. टेप, मोबाईलचा चार्जर, १२ व्होल्टचा पंखा यांतलं काहीतरी एका बॅटरीवरनं घेतलंय का? दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरनं एक वायर कॅबिनमध्ये गेली असेल, बघा.

तसं असेल तर काय होतं ते समजून घ्या. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की दोघींतनं सारखाच करंट जातो. सेल्फ मारला तर दोघी सारख्या उतरतात, गाडी चालली तर दोघी सारख्या भरतात. पण टेप आणि चार्जर एकीच्याच जिवावर चालले तर ती एकटी रोज थोडी थोडी उतरते. अल्टरनेटरला हे कळत नाही, तो दोघींची बेरीज बघून थांबतो. उतरलेली १२.८ वर उपाशी राहते आणि भरलेलीला तिच्या वाटणीचं मिळून १४ च्या वर जातं. उपाशी बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, दुसरीचं पाणी उकळून आटतं. काही दिवसांनी एक ‘खराब’ निघते, पुढं दुसरी. मग माणूस म्हणतो बॅटरीच निकृष्ट होती.

उपाय सोपा आहे. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून जोडायचा आणि १२ व्होल्टचं सगळं सामान त्याच्यावर टाकायचं. मधल्या जोडावर काहीही लावायचं नाही. आणि नवीन १२.२ ची बॅटरी सुटी करून एक रात्र वेगळ्या चार्जरवर लावा. गाडीत राहून ती कधीच वर येणार नाही.

मात्र तुमचा ‘टक्’ एवढ्यानं यायचा नाही. १२.२ आणि १२.७ वर सेल्फ जड फिरेल, पण फिरेल.

फिटरमामा
७ जानेवारी, दुपारी १.३०

शेळगीकर, तुमची उत्तरं वाचून मी जेवता जेवता उठलो. एकच प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. मार्केट यार्डात ज्या गाडीवाल्यानं जंप दिला, त्यानं तुमच्या गाडीला निगेटिव्हचा काळा चिमटा कुठं लावला होता? बॅटरीच्या टोकावर, चेसिसवर, की इंजिनवर?

आणि संध्याकाळी ही तपासणी करा. हँडब्रेक ओढा, पुढच्या-मागच्या चाकाला लाकडी गुटके लावा, गिअर न्यूट्रलला. भाऊ कॅबिनमध्ये चावी धरील, तुम्ही बाजूला उभे राहून मीटर धरा, गाडीखाली झोपू नका. मीटरच्या वायरी आखूड पडल्या तर साधी वायर जोडून लांब करा, फरक पडत नाही. मीटर डीसी व्होल्टवर.

सेल्फ मारत असताना आधी दोन्ही बॅटऱ्या मिळून किती राहतात ते बघा. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या नटावर. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, वरच्या चिमट्यावर नाही. चिमटा आणि खांब यांच्या मधलाच सांधा कधी कधी खरा गुन्हेगार असतो.

वायर चांगली असेल तर तिच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. अख्ख्या बाजूचा मिळून अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेर आला तर ठीक. जिथं मोठा आकडा दिसेल तिथंच तुमचा सेल्फचा करंट खर्ची पडतोय. मग ती बाजू तुकड्यातुकड्यानं मोजायची : बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन, इंजिन ते सेल्फ. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा.

शेळगीकर
७ जानेवारी, रात्री ८.२५

मामा, जंपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काळा चिमटा मी इंजिनच्या ब्रॅकेटला लावतो, बॅटरीवर कधीच लावत नाही, ठिणगी उडते.’ उमरग्यात तर जंप नव्हताच.

आता आकडे. सेल्फ मारताना :

दोन्ही बॅटऱ्या मिळून २३.४
पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा नट ०.४
निगेटिव्ह खांब ते सेल्फचं अंग १०.१

मी तीन वेळा बघितलं, विश्वासच बसेना. सेल्फला मिळायलेत फक्त १२.९. मग तुम्ही सांगितलं तसे तुकडे केले. बॅटरी ते चेसिस ०.१, चेसिस ते इंजिनचा ब्लॉक ९.९, ब्लॉक ते सेल्फ ०.१.

बॅटरीवाले दादा, तुमचंही खरं निघालं. टेप, दोन चार्जर आणि पंखा मधल्या जोडावरच आहेत. गाडी घेतली तेव्हापासून.

वायरिंगवाली
७ जानेवारी, रात्री ९.००

सापडलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसशी त्याचा विजेचा संबंध जवळजवळ नसतो. तो संबंध जोडायला तारेच्या वेणीची एक अर्थ (अर्थिंगची) पट्टी असते, बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा फ्लायव्हील हाउसिंगच्या आसपास. सेल्फचा सगळा करंट परत बॅटरीकडं जायला तोच रस्ता.

आता तुमचे आकडे जुळवून बघा. समजा सेल्फ अडीचशे अँपिअर ओढतोय. ९.९ भागिले २५० म्हणजे साधारण ०.०४ ओहम. चार शतांश ओहम! साधा मीटर ओहमवर लावला असता तर त्यानं ‘शून्य, सगळं ठीक’ असंच दाखवलं असतं, कारण त्या वेळी मीटर काही मिलीअँपिअर सोडून बघतो. पट्टीची एक तार जरी टेकलेली असली तरी तेवढ्याला ती पुरते. बिघाड दिसायला प्रत्यक्ष भारच लागतो, म्हणून मामांनी सेल्फ मारून मोजायला लावलं.

चार्जिंगचंही कोडं यातच सुटतं. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो, त्याचाही परतीचा रस्ता तीच पट्टी. पस्तीस अँपिअर जात असतील तर ३५ गुणिले ०.०४ म्हणजे १.४. अल्टरनेटर त्याच्या जागी २८.२ देत असणार आणि बॅटरीपर्यंत पोचतात २६.८. तुम्ही सकाळी नेमका हाच आकडा लिहिला होता.

दिवे मंद का झाले नाहीत? कॅबिनची अर्थ चेसिसवर आहे, तिला इंजिनची पट्टी लागत नाही. आणि जंपनं गाडी एका झटक्यात का लागली? शेजारच्या गाडीची बॅटरी मोठी होती म्हणून नाही. तिचा काळा चिमटा थेट इंजिनवर असल्यामुळं तुमची खराब पट्टी वाटेतच आली नाही.

बाकावर सेल्फ भन्नाट फिरला, त्यालाही हेच कारण. तिथं अर्थ सेल्फच्या अंगालाच लावलेली होती.

फिटरमामा
७ जानेवारी, रात्री ९.२०

मॅडमनी सगळं सांगितलं, मला फक्त एक जोडायचं आहे. गिअरबॉक्स उतरवताना ती पट्टी सोडावीच लागते. परत बसवताना चेसिसवर ताजा काळा रंग होता, त्या रंगावरच बोल्ट आवळला गेला असणार. रंग म्हणजे विजेला भिंत. बोल्टच्या आट्यांतनं जेवढा करंट सरकेल तेवढाच. उरलेला दुसरे रस्ते शोधतो, म्हणून गिअरच्या केबलमधनं गेला आणि कव्हर वितळलं. तो असाच बेअरिंगमधनंही जातो आणि त्यांची वाट लावतो, तेव्हा उद्याच काम करा. थंडीत पहाटे जास्त त्रास व्हायचा कारण ऑइल घट्ट झालेलं असतं, सेल्फला करंट जास्त लागतो.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. चावी बंद केल्यावर लगेच नाही, दोन मिनिटं थांबा. तुमच्या गाडीला डीईएफची (धूर साफ करणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल तर इंजिन बंद झाल्यावर तिचा पंप नळ्या रिकाम्या करत असतो, तो मधेच तोडला तर वेगळंच दुखणं होतं.

शेळगीकर
८ जानेवारी, दुपारी ३.४५

झालं काम! सकाळी अक्कलकोट रोडला एका ओळखीच्या वायरमनला घेऊन गाडीखाली गेलो. मामा, तुम्ही न बघता सांगितलं तसंच होतं. पट्टीचं चेसिसकडचं लग (टोकाची धातूची कडी) रंगाच्या थरावर बसलेलं. बोल्ट काढला तर लगाची खालची बाजू काळीनिळी पडलेली, कडेला रंगाचा फुगा आलेला. आणि लगाच्या मानेतल्या तारा हिरव्या, चिमटीत धरून ओढल्या तर तिसरा हिस्सा हातात आला. म्हणजे पट्टी आधीपासूनच अर्धमेली होती, रंगानं तिचा उरलासुरला जीव घेतला.

दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्या. नवीन पट्टी घातली, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळल्यावर वरनं पेट्रोलियम जेलीचा थर. वायरमननं आणखी एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरनं सरळ सेल्फच्या माउंटिंग बोल्टला टाकून दिली.

आता सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजूचा फरक ०.३. दोन्ही बॅटऱ्या मिळून २०.९ वर येतात. आधी २३.४ राहायच्या आणि आता खाली येतात म्हणून मी घाबरलो होतो. वायरमन म्हणाला, आधी करंट पुरेसा जातच नव्हता म्हणून त्या तशा उभ्या होत्या, आता काम करायल्या म्हणून खाली येतात. इंजिन पहिल्या अर्ध्या फेरीतच लागतं.

आई उंबऱ्यात उभी होती. तिनं गाडीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

अक्कलकोटवाला
८ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

शेळगीकर, वाचून बरं वाटलं. माझी गाडी बीएस-६ आहे. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन लागतच नाही. परवा डाल्याला (मागच्या बॉडीला) पत्रा वेल्डिंग केला, त्यानंतरच सुरू झालंय. अर्थच असेल का?

वायरिंगवाली
८ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

अक्कलकोटवाला, तुमचा तो पाचवा प्रकार. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर इंजिनची खूण क्षणभर उजळते का? उजळतच नसेल तर ईसीयूला सप्लाय मिळत नाही. मेन रिले, ईसीयूचे फ्यूज आणि त्याची स्वतःची अर्थ वायर बघा. फ्यूज डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्प दोन्ही टोकांना लावून बघा. फ्यूज गेलेला निघाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळू नका. खूण उजळते, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच राहतो, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) किंवा त्याची वायर.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचे कनेक्टर काढले होते का? आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावली होती का? नसेल तर गाडी स्कॅनर असलेल्या माणसाकडंच न्या, अंदाजानं काही बदलू नका. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू, म्हणजे हा धागा पुढं कुणाला शोधताना सरळ सापडेल.

नाक्यावरचा
८ जानेवारी, रात्री १०.१५

मामा, पान्याचं परत कुणाला सांगणार नाही. माझ्या गाडीची पट्टी उद्याच बघतो, तिचाही पासिंगचा रंग ताजाच आहे. पट्टी किती जाड घ्यायची?

फिटरमामा
८ जानेवारी, रात्री १०.४०

बॅटरीतनं सेल्फकडं जी पॉझिटिव्ह वायर जाते, तिच्याएवढी जाड. गेलेला सगळा करंट परतही यायचा असतो. ७० चौरस मिलीमीटरची बहुतेकांना पुरते. लग हातोड्यानं ठोकून बसवून घेऊ नका, प्रेसनं दाबून घ्या आणि मानेवर हीट श्रिंक नळी चढवा, नाहीतर एका पावसाळ्यात आतून हिरवं होतं. इंजिन हलतं, म्हणून पट्टी ताणून बसवू नका, थोडा झोळ ठेवा.

शेळगीकर
१५ जानेवारी, रात्री ९.३०

दोन्ही खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला झहीराबादला मुद्दाम इंजिन बंद करून जेवलो, हात धुवून आलो आणि चावी लावली.

उतरलेली बॅटरी एक रात्र वेगळ्या चार्जरवर ठेवली होती. कन्व्हर्टर लावून घेतला, टेप, चार्जर, पंखा सगळं त्याच्यावर. मधल्या जोडावरनं निघालेली ती लाल वायर आम्ही मुळापासून काढून टाकली. इंजिन चालू असताना आता दोन्ही मिळून २८.१ येतात, एकीवर १४.० आणि दुसरीवर १४.१.

जुन्या दोन बॅटऱ्या भंगारात देऊन बसलो, त्यांतली एक तरी चांगली असणार याची हळहळ आहे. जुना सेल्फचा ब्रशचा संच ठेवलाय, मामांना एकदा दाखवायचाय. मामा, यात्रेची गर्दी ओसरली की येतो तुमच्याकडं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन.

आज सकाळी गाडी आठ तास उभी राहिल्यावर, चावी लावायच्या आत दोन्ही बॅटऱ्या मोजल्या. चेसिसकडची १२.७. सेल्फकडची १२.७.